लघुग्रह वळवायचा: धडक की ओढ?

पृथ्वीकडे येणारा लघुग्रह धडकेनं वळवावा की हळूहळू ओढावा, यावरून सांगलीतल्या आमच्या आकाशवेड्या टोळीत दोन तट आहेत. माझं मत धडकेला, कारण ती करून झालीय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगानं डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं आणि डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त घटली. गंमत म्हणजे नुसत्या यानाच्या धक्क्यानं एवढं झालं नसतं. उडालेल्या दगडमातीनं उलटा रेटा दिला. मेखही तिथेच आहे. दगड किती भुसभुशीत यावर रेटा ठरतो. युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तपासणीला निघालं ते उगाच नव्हे.

ओढीत यान लघुग्रहाशेजारी राहून नुसत्या गुरुत्वाकर्षणानं त्याला खेचतं. दगड कसाही असो, फुटायची भीती नाही. पण वर्षानुवर्षं लागतात, आणि प्रत्यक्षात कुणी केलेलं नाही. कोयनेतून आधीपासून थोडं थोडं पाणी सोडण्यासारखंच हे: अंदाज लवकर आला तरच उपयोग. २०१९ चा पूर पाहिलेल्यांना वेगळं काय सांगायचं! धडकेनंतरच्या किरकोळ दुरुस्तीला मात्र ओढ चालेल.