जॅमर, जाळी की आडोसा?

युद्धात स्फोटके घेऊन अंगावर येणारे छोटे ड्रोन चुकवायला किती वेळ मिळतो, ते आधी पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे एफपीव्ही ड्रोन (चालक गॉगलमधल्या पडद्यावर त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत चालवतो ते) सेकंदाला २८ मीटर कापते. त्याची घरघर ३०० मीटरवरून कानी पडली, तर हाती उरतात जेमतेम अकरा सेकंद, तेही जवळ गाडीचे इंजिन सुरू नसेल तर. शिवाय दूर कुठेतरी गॉगल लावून बसलेला चालक तुम्हाला पाहत असतो; तुम्ही वळलात की ड्रोनही वळते. त्यामुळे पळून निसटण्याचा पर्याय मी मोजतच नाही. निवड करायची ती जॅमर (रेडिओ सिग्नल दाबणारे यंत्र), जाळी आणि लपणे यांतून.

जॅमर गाडीवर बसवता येतो, सोबत नेता येतो, आणि ड्रोन रेडिओवर चालत असेल तर चालकाचा ताबा तोडतो. पण तो ठरावीक फ्रिक्वेन्सीच दाबतो. समोरच्याने फ्रिक्वेन्सी बदलली की महागडे यंत्र नुसतेच ओझे. त्यातून तो स्वतः सिग्नल फेकतो, म्हणजे शोधणाऱ्याला तुमचा पत्ता सांगतो. युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून ऑप्टिकल फायबरवर चालणारी ड्रोन आली आणि जॅमरवरची मदार ढासळली. केसासारखी बारीक तार मागे सोडत ती १० ते २० किलोमीटर जातात. हवेत सिग्नलच नाही, तर दाबणार काय?

ड्रोनची चाहूल देणाऱ्या डिटेक्टरचेही तेच. काही डिटेक्टर ड्रोनचे उघडे व्हिडिओ प्रक्षेपण पकडून पडद्यावर दाखवतात. पडद्यावर आपल्याच गाडीचे टप दिसू लागले की समजायचे, आपण सापडलो. फायबरवाल्या ड्रोनबाबत मात्र तो पडदा कोराच राहतो.

जाळीला ड्रोन रेडिओवर चालते की तारेवर, याच्याशी देणेघेणे नाही. युक्रेनच्या खेरसोन आणि दोनेत्स्क भागांत रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून वर जाळ्या ताणल्या आहेत. त्यांत युरोपातल्या मच्छीमारांची वापरून झालेली जाळीही आहेत. पंखे अडकतात, ड्रोन लटकते. दोष उघड आहे: एका स्फोटाने भोक पडले की मागचे ड्रोन तिथूनच शिरते. त्यामुळे दुरुस्तीला माणसे नेमता येणार नसतील, तर जाळीवर विसंबू नये. नेहमीच्या रस्त्यासाठी मी तरी जाळीच आधी निवडेन, जॅमर तिच्या जोडीला.

पायी जाणाऱ्याला लपण्यावाचून गत्यंतर नाही. दाट पानांखाली ते जमते. पानगळीनंतर आणि बर्फात पाऊलखुणाच चुगली करतात. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यापासून वाचवणारे पांघरूण अंगाला चिकटले की थोड्या वेळात तेच तापते. ते भोवतालच्या जमिनीपेक्षा गार राहिले, तरी कॅमेऱ्यात वेगळा डाग उठून दिसतो. पहाटे आणि संध्याकाळी वस्तूंच्या तापमानातला फरक कमी होतो, म्हणून त्या वेळा तुलनेने बऱ्या.

शॉटगन शेवटचा उपाय. छर्रे ४०-५० मीटरपर्यंत कामाचे, म्हणजे दोन सेकंदांहून कमी. आकाशावर नजर ठेवणारा माणूस वेगळा हवा; गाडी चालवणाऱ्याने बंदूकही सांभाळावी, ही अपेक्षा जिवावर बेतेल.

सर्वांत अवघड गोष्ट जखमींना हलवण्याची आहे. स्ट्रेचर घेऊन चालणाऱ्यांना ना पळता येते, ना पटकन लपता येते. अशा वेळी अनेकदा धुक्याची किंवा पावसाची वाट पाहावी लागते, आणि रक्तस्राव तोवर थांबत नाही.