फोर बाय फोर पिकअपमधला आवाज: सर्व्हिस सेंटर की ओळखीचा मिस्त्री?

पिकअप जरा जुनी झाली की खालून घूं घूं, टक टक, नाहीतर किर्र असं काहीतरी सुरू होतंच. मग गाडी कुठे न्यायची यावर घरात दोन पक्ष पडतात. मी भिलारहून स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून पसरणी घाटाने खाली वाईला उतरतो, हंगाम नसला की मिळेल तो माल नेतो. दोन्हीकडचे उंबरे झिजवून झालेत. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड असल्या नेहमीच्या कामांबद्दल इथे बोलत नाही, ती कुठेही नीट होतात. प्रश्न आवाज शोधण्याचा आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर विचारच करू नका, सर्व्हिस सेंटर गाठा. आवाज बारीक असला तरी जॉब कार्डवर लिहून घ्या. उद्या वॉरंटी संपल्यावर तोच आवाज वाढला तर तक्रार आधीची आहे हे दाखवायला तो कागद लागतो. पुढचं सगळं वॉरंटी संपलेल्यांसाठी.

काही आवाज घेऊन कुणाच्याच दारात जायची गरज नसते. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, सकाळी पहिले चार ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात. गाडी सुरू करून थोडी पुढे नेली की खालून क्षणभर घर्र होतं, तो बऱ्याच गाड्यांत एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप स्वतःची तपासणी करत असतो. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तर कानठळ्या बसवणारी किंचाळी येते, आणि गाडी थोडी मागे घेतली की खडा बहुधा पडतो. पार्ट टाइम फोर बाय फोर (हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी) असेल आणि फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाकून कोरड्या डांबरावर पूर्ण वळण घेतलंत, तर गाडी अडखळणार, टायर उडी मारणार, खालून धाडकन वाजणार. अशा सिस्टीममध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे वळणावर दोन्हीकडचा वेगातला फरक जिरत नाही. ही बिघाडाची खूण नाही, टू एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, घ्या.

आता खरे आवाज.

सर्व्हिस सेंटरची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. स्कॅनर तिथे आहे, हायड्रॉलिक प्रेस आहे, टॉर्क रेंच आहे. हे किरकोळ नाही. हल्लीच्या बऱ्याच व्हील बेअरिंगच्या एका बाजूला एबीएसच्या सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं की आवाज जातो आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. हातोडीने बेअरिंग ठोकणाऱ्या गॅरेजपेक्षा सर्व्हिस सेंटर कधीही बरं. गाडी सतत ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चालणारी असेल, मध्ये इलेक्ट्रॉनिक कपलिंग असेल, तर स्कॅनरशिवाय मिस्त्री अंधारातच चाचपडणार. शिवाय पक्कं बिल मिळतं, आणि बसायला एसी.

पण आवाज शोधायचं काम तिथे ज्या पद्धतीने होतं, तिने माझं मन उडालं. गाडी रिकामी करून आणा म्हणतात. आल्या आल्या वॉशिंगला लावतात. सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटला की ग्रीस आजूबाजूला गोल उडालेलं दिसतं. सील गळत असेल तिथे धूळ चिकटून काळा ओघळ धरतो. म्हणजे निम्मं निदान त्या घाणीत असतं, आणि तीच पाण्याच्या प्रेशरने धुऊन जाते. मी आवाजाचं वर्णन करतो ते सर्व्हिस अॅडव्हायजरपाशी, तो कार्डावर एक ओळ लिहितो. ती ओळ आत ज्याच्या हातात जाते त्याने मला पाहिलेलंही नसतं. तो रिकामी, स्वच्छ गाडी समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतो आणि संध्याकाळी कागद येतो: आवाज आढळला नाही. डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो, तसंच. फक्त इथे फी भरून परत यायचं आणि घाटात पुन्हा टक टक ऐकायची.

रिकामी गाडी हा तर मोठाच घोळ. पिकअपला मागे पाटे असतात. माल भरला की पाटे दबतात आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा, कोन बदलतो. त्या शाफ्टच्या सांध्यातला झिजलेला क्रॉस एका कोनात गप्प बसतो, दुसऱ्या कोनात बोलतो. लिफ्टवरही तेच. चाकं हवेत लोंबकळत असतात, बेअरिंगवर वजन नसतं, म्हणून रस्त्यावर घुमणारं बेअरिंग तिथे मुकं होतं. उलट सीव्ही जॉइंट लोंबत्या कोनात नसलेला आवाज काढतात. या दोन्ही कारणांनी मी लिफ्टवरच्या निकालावर फारसा विसंबत नाही. माझ्या गाडीपुरतं म्हणतो हं, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

वाईतल्या मिस्त्रीचं पहिलं वाक्य वेगळं असतं. "साहेब, लोड घेऊन या. रिकाम्या गाडीत काय ऐकायचं?" मग तो माझ्याशेजारी बसतो, कधी पोराला मागे हौद्यात क्रेटच्या मधे बसवतो, आणि सुरूर फाट्याकडे गाडी घ्यायला सांगतो. गेल्या खेपेची घूं घूं पन्नासच्या पुढे सुरू व्हायची. सर्व्हिस सेंटरमध्ये टायर बदला म्हणाले होते, आणि तो सल्ला अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. जाड नक्षीचे टायर वेडेवाकडे झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. मिस्त्रीने मोकळा रस्ता बघून मला गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवायला लावली. डावीकडे वळताना घुमणं वाढलं. त्या वेळी वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणजे संशय उजवीकडे. टायरचा आवाज असता तर तो असा बाजू धरून फारसा बदलला नसता.

गॅरेजमध्ये त्याने पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मग माझा हात तिथे ठेवला. स्प्रिंगमध्ये बारीक खरखर जाणवत होती, वाळूवरून बोट फिरवल्यावर लागते तशी. डाव्या चाकाच्या स्प्रिंगला काही नाही. मशीन नाही, रिपोर्ट नाही, पण मला पटलं. बेअरिंग बदलायला त्याने तो हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) प्रेस असलेल्या दुसऱ्या वर्कशॉपला पाठवला, हे मला विशेष आवडलं.

टक आवाजाचं थोडक्यात सांगतो. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की एकदाच टक, हे बहुतेक प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचं लक्षण. वेगासोबत वाढणारी चिक चिकही त्याचीच. सर्व्हिस सेंटरने मला अख्ख्या शाफ्टचं कोटेशन दिलं होतं, मिस्त्रीने क्रॉस बदलला. पूर्ण स्टिअरिंग तोडून रेस दिल्यावर कट कट आली तर पुढचा सीव्ही. रेस देताना एक सूर आणि सोडताना दुसरा लागत असेल तर डिफरन्शियलचं क्राउन पिनियन, म्हणजे त्यातले मुख्य गिअर, आणि त्यात मात्र घाई करून स्वस्तातला हात शोधू नका. चालताना येणारी किर्र ब्रेक दाबताच थांबत असेल तर बऱ्याचदा पॅड संपत आल्याची पत्री घासत असते. मागचे ड्रम आमच्या लाल मातीने भरतात, पावसाळा संपला की खोलून साफ करून घ्यावेत, निम्मी करकर तिथेच जाते.

एक गोष्ट दोन्हीकडे सांगून ठेवा: टू एचमध्ये तुमच्या गाडीचे पुढचे हब अ‍ॅक्सलपासून सुटतात की नाही. सुटत नसतील तर टू एचमध्येही पुढचे जॉइंट आणि डिफरन्शियल चाकांसोबत फिरतच असतात. "आवाज टू एचमध्ये येतो, म्हणजे मागचाच" हा निष्कर्ष मग टिकत नाही. आणि फोर एचमध्ये तपासायचं तर मातीच्या रस्त्यावर.

मिस्त्रीच्या खोडी मला ठाऊक आहेत. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळेल याची खात्री नाही, बिल मागितलं की तोंड वाकडं होतं, आणि गणपतीत तो गावाला गेला की आपण अडकलो. स्पेअर कुठला घातला हे उभं राहून बघावं लागतं, जुना पार्ट मागून घ्यावा लागतो. ज्याला एवढा वेळ नाही त्याने सर्व्हिस सेंटरला जावं, त्यात काही गैर नाही. माझी गाडी सध्या तरी वाईतच जाते.

सर्व्हिस सेंटरचंच ठरलं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्या: धुण्याआधी गाडी खालून बघणार का, आणि जो काम करणार तोच माझ्यासोबत फेरीला येणार का. वेग, गिअर, टू एच की फोर एच, ब्रेकवर पाय होता की नाही, माल किती होता, एवढं कागदावर लिहून न्या. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग न्यायला हरकत नाही, पण घूं घूं त्यात वाऱ्याच्या आवाजात बुडते. टक आणि किर्र तेवढी बरी ऐकू येते.