न्यूयॉर्कचा पिझ्झा : आधी भट्टी पाहावी, मग पाटी

न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा कुठे खावा, हे सांगणाऱ्या ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्यांना तोटा नाही. अडचण अशी आहे की त्या याद्यांमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत भाजलेला अख्खा पिझ्झा, गॅसच्या ओव्हनमधून काढून कागदी ताटलीत हातावर ठेवलेला तुकडा आणि नेपल्सच्या पद्धतीने जेमतेम दीड मिनिटात तयार होणारा मऊ पिझ्झा हे तिन्ही प्रकार एकाच तराजूत तोलले जातात. या तिन्हींचे पीठ वेगळे, चीज वेगळे, भाजण्याची आच वेगळी आणि खाण्याची रीतही वेगळी आहे. एका प्रकारात जो गुण मानला जातो तोच दुसऱ्यात दोष ठरू शकतो. नेपल्सच्या पिझ्झाचा मधला भाग ओलसर व लवचिक असणे अपेक्षित असते, पण रस्त्यावर उभ्याने खायच्या तुकड्याचा तळ तसा ओलसर निघाला तर सगळा पदार्थ मनगटावर ओघळतो. म्हणून या शहरातील दुकानांची पारख करताना प्रसिद्धीचा क्रम बाजूला ठेवून भट्टीनुसार विचार करणे मला योग्य वाटते.

सुरुवात कोळशापासून करावी लागते, कारण शहराच्या पिझ्झाचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. लिटल इटलीमधील स्प्रिंग स्ट्रीटवर गेनारो लोम्बार्डी यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले ‘लोम्बार्डीज’ हे अमेरिकेतील पहिले पिझ्झेरिया म्हणून सांगितले जाते. त्याआधीही शहरात पिझ्झाची दुकाने होती असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले असले, तरी दुकानाच्या पाटीला त्याने काही बाधा आलेली नाही. आज आपण जिथे बसून खातो ती मात्र मूळ जागा नव्हे. जुने दुकान १९८४ मध्ये बंद झाले आणि दहा वर्षांनी त्याच रस्त्यावर, जवळच्या दुसऱ्या जागेत, जुनी कोळशाची भट्टी मिळाल्यावर ते पुन्हा उघडले. इतिहासाची आवड असलेल्यांनी तिथे एकदा जरूर जावे, परंतु केवळ चवीसाठी एकाच ठिकाणी जायचे असेल तर माझे मत पुढच्या दोन नावांकडे झुकते.

त्यातील पहिले नाव ब्लीकर स्ट्रीटवरील ‘जॉन्स’ हे होय. १९२९ पासून चालत आलेल्या या दुकानात तुकडा मिळत नाही, अख्खा पिझ्झाच मागवावा लागतो, आणि ही सूचना दर्शनी भागावरच लिहिलेली आहे. लाकडी बाकांवर व भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या गिऱ्हाइकांनी कोरलेली नावे आहेत. पण तिकडे फार वेळ पाहत बसू नये, कारण कोळशावरचा पिझ्झा ताटात आल्यानंतरची पहिली काही मिनिटेच खरी मोलाची असतात. अँथ्रासाइट या जातीचा कोळसा कमी धूर करतो आणि कोरडी, तीव्र उष्णता देतो. भट्टीचे तापमान ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, त्यामुळे काही मिनिटांतच तळाला करडे-काळे डाग पडतात, कडा बाहेरून कडक होते आणि आतून तिचा चिवटपणा टिकून राहतो. पानभर भाकरी तव्यावरून थेट आचेवर टाकल्यावर तिच्यावर जे डाग उठतात त्यांची ज्यांना गोडी आहे, त्यांना हा जळकेपणा खटकणार नाही. ज्यांना तो करपलेला वाटतो त्यांनी कमी भाजून देण्याची विनंती करण्यापेक्षा सरळ दुसऱ्या प्रकारच्या दुकानात जावे, हे बरे; कारण या भट्टीतून हा पिझ्झा फिकट काढला की त्याचे सगळे वैशिष्ट्यच निघून जाते.

दुसरे नाव ईस्ट हार्लेममधील ‘पॅट्सीज’चे. पास्क्वाले लॅन्सिएरी यांनी १९३३ मध्ये फर्स्ट अव्हेन्यूवर ते सुरू केले. कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा तुकड्याने विकणारी दुकाने शहरात अगदी दुर्मीळ आहेत, आणि हे त्यांतले एक आहे. एकट्याने फिरणाऱ्या माणसाची इथे मोठीच सोय होते, कारण कोळशावरच्या पिझ्झाची चव पाहण्यासाठी इतरत्र किमान दोघे तरी लागतात. इथला पिझ्झा पातळ असतो, टोमॅटो जवळजवळ कच्च्या चवीचा आणि चीज बेताचे. पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेपासून हे ठिकाण दूर आहे, आणि ते मला त्याच्या बाजूनेच मोजावेसे वाटते. कोनी आयलंडमधील ‘टोटोनोज’ (१९२४) हेही याच परंपरेतले आहे. त्याचे संस्थापक आधी लोम्बार्डींकडे काम करीत असत. २०१२ च्या सँडी वादळात समुद्राचे पाणी शिरूनही ते दुकान पुन्हा उभे राहिले. तिथवरचा मेट्रोचा प्रवास लांबचा आहे, तेव्हा निघण्यापूर्वी ते त्या दिवशी उघडे आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

ब्रुकलिन पुलाखालच्या दोन शेजारी दुकानांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण तिथे गेलेला प्रत्येक जण कोणत्या रांगेत उभे राहावे या पेचात पडतो. लॅन्सिएरींचे भाचे पॅट्सी ग्रिमाल्डी यांनी १९९० मध्ये इथे कोळशाच्या भट्टीचे दुकान काढले, पुढे त्याला ‘ग्रिमाल्डीज’ हे नाव पडले आणि १९९८ मध्ये त्यांनी ते विकून टाकले. नव्या मालकांचे दुकान कालांतराने शेजारच्या इमारतीत गेले. मूळ जागा मोकळी झाल्यावर वृद्ध ग्रिमाल्डी निवृत्ती सोडून परत आले आणि २०१२ मध्ये त्याच भट्टीवर त्यांनी ‘ज्युलियानाज’ उघडले. हे नाव त्यांच्या आईचे. म्हणजे नाव एकाकडे राहिले आणि भट्टी दुसऱ्याकडे. मी अर्थातच भट्टीच्या रांगेत उभे राहण्याचा सल्ला देईन.

कोळशाच्या भट्ट्यांची संख्या आता वाढण्याची चिन्हे नाहीत. धुरातील सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ टक्क्यांनी घटवण्याचा नियम महापालिकेने जुन्या कोळशाच्या व लाकडाच्या भट्ट्यांना लागू केला आहे, आणि त्यासाठी बसवाव्या लागणाऱ्या यंत्रणेचा खर्च मोठा आहे. नियम मला रास्त वाटतो, कारण त्या धुराड्यांच्या वरच्या मजल्यांवरही माणसेच राहतात.

तथापि न्यूयॉर्कचा माणूस ‘पिझ्झा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा कोळसा नसतोच, तुकडा असतो. १९३० च्या दशकात गॅसवर चालणारे पिझ्झा ओव्हन आले, दुसऱ्या महायुद्धानंतर ते गल्लोगल्ली पसरले, आणि भट्टीवर वर्षानुवर्षे घालवलेला कारागीर नसतानाही दुकान चालवणे शक्य झाले. या ओव्हनचे तापमान साधारण २६० ते २९० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे सुमारे १८ इंचांचा पिझ्झा सावकाश भाजला जातो, त्यातले पाणी निघून जाते आणि तळ इतका घट्ट होतो की तुकडा लांबीत दुमडून एका हाताने खाता येतो. ताज्या मोझरेलाऐवजी कमी ओलाव्याचे मोझरेला वापरले जाते, ते याच कारणासाठी. असा पिझ्झा थंड झाल्यावर पुन्हा ओव्हनमध्ये सरकवला तर बिघडत नाही, उलट तळ आणखी खुसखुशीत होतो. शहराच्या पिण्याच्या पाण्यामुळेच ही चव येते, अशी एक आवडती दंतकथा आहे. इथले पाणी मृदू आहे हे खरे, पण चवीचे श्रेय पाण्यापेक्षा पिठाला मिळणाऱ्या वेळेला आणि ओव्हनच्या कोरड्या आचेला अधिक आहे, असे मी मानतो.

तुकड्याच्या दुकानाची पारख करायची तर साधा तुकडाच मागावा, म्हणजे पीठ, टोमॅटो आणि चीज, एवढेच. वर दहा वस्तू रचलेल्या पिझ्झात पिठाचा कच्चेपणा सहज लपतो. काचेमागे मांडलेल्या पिझ्झांपैकी साधा पिझ्झा किती लवकर संपतो आणि नवा किती लवकर येतो, हेही पाहावे, कारण नावाजलेल्या दुकानातला तासभर पडून राहिलेला तुकडा अनामिक दुकानातल्या ताज्या तुकड्यापुढे टिकत नाही. कार्माइन स्ट्रीटवरचे ‘जोज’ मला अनेक वर्षांच्या प्रसिद्धीनंतरही विश्वासार्ह वाटते, ते या खपामुळेच. १९७५ पासून चाललेल्या या दुकानात बसायची सोय नावापुरती आहे आणि ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते. तुकड्यात दाखवण्यासारखे काहीही नाही, तरी पातळ तळ, किंचित आंबट टोमॅटो आणि मोजके चीज यांचे प्रमाण बिनचूक असते. तुकड्यांच्या सर्व दुकानांना मोजण्याची पट्टी म्हणून आधी इथे खावे आणि मग पुढे जावे.

पुढे जायचे म्हणजे ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ‘स्कार्स’कडे. २०१६ मध्ये सुरू झालेले हे दुकान स्वतः धान्य दळते, आणि त्या पिठाचा किंचित खरपूस, दाणेदार स्वाद कडेच्या शेवटच्या घासापर्यंत लागतो. तुकड्याची कडा ताटलीत टाकून देण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची ती सवय इथे मोडेल. विल्यम्सबर्गमधील ‘लिंडुस्त्री’मध्ये गरम तुकड्यावर ऐन वेळी गार बुर्राटा (आत मलई भरलेले मऊ चीज) ठेवतात. हा प्रकार छायाचित्रांमुळे गाजला असला तरी चवीलाही खरा उतरतो. रांगेची तयारी मात्र ठेवावी.

ब्रुकलिनच्या मिडवूड भागातील ‘डि फारा’ची गणना कुठल्याच वर्गात नीट बसत नाही. डोमेनिको डीमार्को यांनी १९६५ मध्ये ते सुरू केले आणि पुढची कित्येक दशके जवळजवळ प्रत्येक पिझ्झा स्वतःच्या हाताने केला. गॅसचाच ओव्हन, पण वर ताजे आणि मुरलेले अशी वेगवेगळी चीज, भरपूर ऑलिव्ह तेल, आणि शेवटी पिझ्झावरच कात्रीने कापून टाकलेली बेझिलची पाने. एका म्हाताऱ्या माणसाच्या संथ गतीने चालणाऱ्या त्या कामासाठी लोक तासन्‌तास थांबत असत. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आता कुटुंबीय दुकान चालवतात. पिझ्झा आजही तेलकट, जड आणि अतिशय चविष्ट आहे. दोघांत एक मागवावा आणि त्यानंतर त्या दिवशी दुसऱ्या दुकानाचा विचार करू नये.

चौकोनी पिझ्झाला अनेक जण दुय्यम समजतात. मला ते मान्य नाही. ग्रेव्हसेंडमधील ‘एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स’ (१९३९) येथील सिसिलियन, म्हणजे जाड चौकोनी, तुकड्यात नेहमीचा क्रम उलटा असतो, म्हणजे पिठावर आधी चीज आणि त्यावर सॉस. त्यामुळे सॉसचा ओलावा चीज अडवते, चीजखालचा थर जवळजवळ अर्धवट भाजलेल्या पावासारखा मऊ राहतो आणि तळ मात्र तेलात कुरकुरीत होतो. काहींना तो मधला थर कच्चा वाटतो, पण तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. बाहेरच्या बाकांवर बसून खावे आणि शेवटी दुकानाला ज्याचे नाव आहे ते स्पुमोनी हे थिजवलेले गोड घ्यावे. मॅनहॅटनमध्ये चौकोनी तुकड्यासाठी ‘प्रिन्स स्ट्रीट पिझ्झा’ प्रसिद्ध आहे. तिथला तिखट पेपरोनीचा, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या चकत्यांचा, तुकडा सर्वाधिक खपतो. गंमत म्हणजे हीच जागा पूर्वी ‘रेज’ या दुकानाची होती, ज्याच्या नावाची नक्कल करीत शहरभर ‘फेमस रेज’, ‘ओरिजिनल रेज’, ‘फेमस ओरिजिनल रेज’ अशा पाट्या लागल्या. खरे ‘रेज’ २०११ मध्ये बंद पडले आणि नकला उरल्या.

नेपल्सच्या पद्धतीसाठी मी एकच नाव घेईन, ‘ऊना पिझ्झा नापोलेताना’. अँथनी मँजिएरी यांनी हे दुकान न्यू जर्सीत सुरू केले, न्यूयॉर्कला आणले, सॅन फ्रान्सिस्कोला हलवले आणि अखेर पुन्हा न्यूयॉर्कला परत आणले. २०२४ मध्ये ‘५० टॉप पिझ्झा’ या इटालियन मानांकनाने त्याला जगात पहिले स्थान दिले. पिझ्झाचे प्रकार मोजकेच, आठवड्यातल्या मोजक्याच संध्याकाळी दुकान उघडे, आणि आगाऊ नोंदणी मिळणे अवघड. नैसर्गिक खमिराने फुगलेली कडा इतकी हलकी असते की तिच्यावरचे डाग पाहून वाटणारी कडकपणाची अपेक्षा फोल ठरते. इथे सुरी-काट्याने खाण्यात कमीपणा नाही. कॅरोल गार्डन्समधील ‘लुकाली’ (२००६) हे या पद्धतीचे नव्हे, पण विटांच्या भट्टीतला तिथला पातळ पिझ्झा आणि कॅल्झोने (सारण भरून दुमडलेला पिझ्झा) यांसाठी लोक दुपारीच जाऊन यादीत नाव लिहून येतात. ज्यांच्याकडे एक अख्खी संध्याकाळ मोकळी आहे त्यांनी हा खटाटोप करावा. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने तो वेळ दुसरीकडे लावावा.

खर्चाचे म्हणाल तर, तुकड्याची किंमत आणि मेट्रोचे भाडे बरोबरीने वाढतात, हा नियम १९८० पासून या शहरात गमतीने सांगितला जातो. २०२३ मध्ये भाडे २.९० डॉलर झाले. नावाजलेल्या दुकानांतील साधा तुकडा मात्र आता भाड्याला मागे टाकून गेला आहे. बसून खाण्याच्या ठिकाणी छापील दरावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो आणि वेटरला साधारण पाचव्या हिश्श्याइतकी टीप देण्याची रीत आहे, हे धरूनच हिशेब करावा. शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेपरोनीत बहुधा डुकराचे व गाईचे मांस असते, हे सहज कळते. पण वर किसून टाकलेले पेकोरिनो रोमानो, पार्मेजान किंवा ग्राना पादानो ही चीज बहुधा प्राण्यांपासून मिळणारे रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरून केलेली असतात, आणि साध्या, बिनमांसाच्या तुकड्यावरही ती भुरभुरलेली असतात. चीज मुळीच नको असेल तर नेपल्सच्या पद्धतीच्या दुकानात मरिनारा मागावा. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते, आणि ‘ऊना’सारख्या ठिकाणी कारागिराचा हात खरा कळतो तो याच पिझ्झात.