५९९ रुपयांचं लाइफटाइम ऑफिस घेतलं आणि प्रोजेक्टचा डेटा गेला

कॉलेजला असाल आणि लॅपटॉपवर वर्ड-एक्सेल स्वस्तात कुठून घ्यावं असं शोधत असाल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा.

मी पुण्यात हॉस्टेलला राहून एम.ए. अर्थशास्त्र करत होते. शेवटच्या सेमच्या प्रोजेक्टचा विषय होता मंडईतल्या भाजीवाल्या बायकांची भिशी आणि त्या रोजच्या व्याजाने उचलतात ते पैसे. ९४ जणींकडून फॉर्म भरून घेतले, सकाळी लवकर जाऊन, गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत त्यांनी मला उत्तरं दिली. हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं होतं आणि माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर ऑफिसची मुदत संपलेली, वर लाल पट्टी, फाइल उघडायची पण टाइप काही होत नव्हतं. मुली म्हणाल्या क्रॅक टाक, अँटिव्हायरस बंद करून होतं लगेच. मला ते नको होतं, भीती पण होती आणि चोरीचं वापरायचं नव्हतं, म्हणून पैसे देऊन घेऊ असं ठरवलं. वर्षाचे काही हजार घरी मागवेना, बाबांकडून मेसचेच पैसे मागेपुढे होत होते.

टेलिग्रामच्या एका स्टुडंट ग्रुपवर जाहिरात होती, ओरिजिनल ऑफिस, लाइफटाइम, ५ डिव्हाइस, वर क्लाउड स्टोरेज, फक्त ५९९. क्यूआर पाठवला, मी पैसे टाकले, १० मिनिटांत त्याने एक युजरनेम आणि पासवर्ड पाठवला. इथेच मला कळायला हवं होतं. मी ऑफिस विकत घेतलं तर ते माझ्या ईमेलवर यायला पाहिजे ना, हा मात्र त्याचाच आयडी देतोय, अ‍ॅटच्या पुढे कसलंतरी नाव आणि मग ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम. मी विचारलं तर म्हणाला, "मॅम पासवर्ड चेंज करून घ्या, मग अकाउंट तुमचंच." मी चेंज केला आणि निश्चिंत झाले. लॉगिन करताना तुमच्या संस्थेला हे डिव्हाइस मॅनेज करू द्या असं काहीतरी आलं, टिक आधीच होती, मी ओके दाबलं. मग वनड्राइव्हने, म्हणजे त्यातल्याच क्लाउड स्टोरेजने, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेऊ का विचारलं, त्यालाही हो.

४ महिने एकदम व्यवस्थित चाललं. मी २ मैत्रिणींना पण त्याचा नंबर दिला, त्याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सबमिशनला ११ दिवस राहिले होते तेव्हा सकाळी वर्ड उघडलं तर अकाउंट सापडत नाही म्हणे. फोल्डरमध्ये फाइलींची नावं दिसत होती, पण बऱ्याच फाइलींवर ढगाचं चिन्ह होतं, म्हणजे लॅपटॉपवर फक्त नाव, खरी फाइल वरती. मास्टर शीट त्यातलीच. त्याला मेसेज केला तर म्हणाला रिन्यूअल आहे, २९९ टाका. मी म्हटलं लाइफटाइम होतं ना, तर ब्लॉक.

कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांकडे गेले तेव्हा त्यांनी नीट समजावलं. असे लोक कुठल्यातरी संस्थेच्या नावावर लायसन्स मिळवतात, त्यात भराभर खाती काढतात आणि विकतात. त्या खात्यांचा अ‍ॅडमिन, म्हणजे सगळा ताबा असणारा, तो विकणाराच. मी पासवर्ड कितीही बदलला तरी तो रिसेट करू शकतो, माझ्या फाइली उघडून बघू शकतो, खातं काढून टाकू शकतो. खातं डिलीट केलं तरी फाइली साधारण ३० दिवस तिथे असतात, पण त्या परत आणायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला, म्हणजे परत त्यालाच. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, कारण त्या डॉक्युमेंट्समध्ये फक्त प्रोजेक्ट नव्हता, महाडीबीटीच्या स्कॉलरशिप फॉर्मसाठी स्कॅन केलेलं माझं आधार, बाबांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक सगळं होतं. डेटा परत भरता येतो हो, ते कागद एका अनोळखी माणसाकडे गेले ते कसे परत आणायचे?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सेटिंग्जमधून ती 'संस्था' लॅपटॉपवरून काढली. बँकेत गेले तर पिन मीच टाकलाय, पैसे परत येणं अवघड म्हणाले. ५९९ चं मला काही नाही.

फॉर्मचे कागद मी पिशवीत जपून ठेवले होते म्हणून वाचले. रूममेट मोठ्याने वाचायची आणि मी टाइप करायची, ३ रात्री. या वेळी लिब्रेऑफिसमध्ये, ते फुकट आहे, खरंच फुकट, वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतं, देवनागरीचा फॉन्ट तिथे वेगळा निवडावा लागतो तेवढं लक्षात ठेवा नाहीतर मराठी मजकुराचा फॉन्ट बदलतच नाही. आणि सरांनी विचारलं तुझा कॉलेजचा ईमेल कुठंय? अ‍ॅडमिशनला मिळालेला, मी कधी उघडलाच नव्हता. त्यावर ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल फुकट चालू होतं, पहिल्या वर्षापासून! सगळ्या कॉलेजांत असेल असं नाही पण आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा. ज्या मैत्रिणींना मी त्याचा नंबर दिला त्यातल्या एकीच्या नव्या लॅपटॉपसोबत तर ऑफिस होम अँड स्टुडंट आलेलंच होतं, विंडोज सुरू केल्यापासून १८० दिवसांत अ‍ॅक्टिव्हेट करायचं असतं ते, बिलावर लिहिलेलं, तिने बघितलंच नव्हतं. नशिबाने मुदत शिल्लक होती.

तुमच्याकडे आत्ता असा विकत घेतलेला, विकणाऱ्याने बनवून दिलेला आयडी चालू असेल तर तो चालू आहे तोवरच वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, ढगाची चिन्हं जाऊन हिरवी टिक येईपर्यंत थांबा, सगळं पेन ड्राइव्हवर घ्या, एकदोन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मगच त्या खात्यातून बाहेर पडा. आधार, दाखले असं काही त्यात असेल तर आजच करा.