राष्ट्रीय ज्ञान जालक: इंदूरमधील अनुभव

इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेत राष्ट्रीय ज्ञान जालकाची, म्हणजे एनकेएनची, जोडणी मी चार वर्षे वापरत आहे आणि तिच्याविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. 2010 मध्ये मंजूर झालेले, एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) देखरेखीखालील हे वेगवान संगणकीय जाळे देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना एकमेकींशी व जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेसारख्या परदेशी केंद्रांशीही जोडते. त्यामुळे पूर्वी हार्ड डिस्कवर भरून कुरिअरने धाडावी लागणारी मोजमापे आता दुपारी पाठवली, की संध्याकाळच्या चहापर्यंत जर्मनीतील सहकाऱ्यांचे आलेख हाती येतात. एड्युरोम या शिक्षणसंस्थांच्या सामायिक वायफाय सेवेमुळे तर परदेशी विद्यापीठातही आपल्याच संस्थेच्या पासवर्डने वायफाय मिळते. तक्रार एकच आहे: इमारतीपर्यंत फायबर उत्तम आहे, पण आतले जुने नेटवर्क स्विच वेग अडवतात आणि ते आमच्या कार्यालयाने तातडीने बदलायला हवेत.