प्रसूतीनंतर व्यायाम करताना लघवी निसटत असेल तर: पॅड, पेसरी, फिजिओथेरपी की शस्त्रक्रिया?

बाळंतपणानंतर काही महिन्यांनी स्त्री पुन्हा व्यायामाकडे वळते आणि दोरीवरच्या उड्या, झुंबा किंवा हलकी धाव सुरू करताच थोडी लघवी निसटते, हा अनुभव मुळीच दुर्मीळ नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना कमी-अधिक प्रमाणात मूत्रगळती होते, असे आढळले आहे. तरीही घरात हा विषय निघाला की ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ एवढ्यावर तो मिटवला जातो आणि व्यायामाच्या वर्गात तर तो काढण्याचाच संकोच वाटतो. परिणामी काही जणी काळी लेगिंग घालून दाराजवळची जागा धरतात, उड्या आल्या की पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला होतात आणि शेवटी वर्गालाच जाणे सोडतात. व्यायाम सोडणे हाही एक पर्याय मानला, तर तो सर्वांत वाईट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. गळतीचे मूळ कारण त्याने दूर होत नाही आणि वजन वाढले तर मूत्राशयावरचा भार मात्र वाढतो.

निवड करण्यापूर्वी गळती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे आवश्यक आहे. उडी मारताना, खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना पोटातील दाब अचानक वाढतो. मूत्रमार्ग बंद ठेवणारी झडप आणि त्याला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्या दाबाला पुरे पडले नाहीत, तर लघवी निसटते. गर्भारपणातील भार आणि योनिमार्गाने झालेली प्रसूती यांमुळे हे स्नायू आणि त्यांच्याभोवतीच्या पेशीजालाला ताण बसतो. सिझेरियनने धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही, कारण नऊ महिन्यांचा भार तिथेही असतोच. या प्रकाराला ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. याउलट, लघवीची एकाएकी तीव्र घाई होऊन न्हाणीघरापर्यंत पोहोचण्याआधीच ती होत असेल, तर तो घाईचा प्रकार होय आणि त्याचे उपचार वेगळे असतात. पुढील तुलना मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

काही लक्षणे असतील तर कोणताही पर्याय स्वतःहून निवडत बसू नये. लघवीला जळजळ, ताप, लघवीतून रक्त, लघवी सुटण्यास त्रास, उठता-बसता अखंड ठिबकणारी लघवी, शौचावर ताबा न राहणे, किंवा ‘अंग खाली येत आहे’ अशी जडपणाची भावना असल्यास आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

पॅड आणि शोषक अंतर्वस्त्रे

आज संध्याकाळच्या वर्गाला जायचे असेल, तर आजच उपयोगी पडणारा पर्याय हाच. मात्र बहुतेक जणी घरात असलेले मासिक पाळीचे पॅड वापरतात आणि ते फसते. पाळीचा स्राव दाट असतो आणि हळूहळू येतो, तर लघवी पातळ असते आणि उडीसरशी एकदम येते. मूत्रगळतीसाठी बनवलेल्या पॅडमधील शोषक पदार्थ ती झटकन आत ओढून घेतो, पृष्ठभाग तुलनेने कोरडा ठेवतो आणि वासही कमी येतो. औषधांच्या दुकानात हे पॅड वेगळे मागावे लागतात. थोड्या गळतीला लहान, पातळ पॅड पुरतो. वयस्कांसाठीचे जाड डायपर व्यायामात अडचणीचे ठरतात आणि बहुतेक तरुण मातांना त्यांची गरजही नसते.

धुऊन पुन्हा वापरता येणारी शोषक अंतर्वस्त्रे हा याच गटातील दुसरा पर्याय आहे. सुरुवातीला खर्च अधिक असतो, पण रोज व्यायाम करणाऱ्या स्त्रीला ती पुढे स्वस्त पडतात आणि धावताना पॅडसारखी सरकत नाहीत. पावसाळ्यात ती वाळायला वेळ लागतो, ही आपल्याकडची खरी अडचण आहे, आणि एका जोडीवर भागवता येत नाही. पॅड असो वा अंतर्वस्त्र, व्यायाम संपताच ते बदलावे, नाहीतर घाम आणि लघवी यांनी जांघेत पुरळ येते.

या पर्यायाची मर्यादा उघड आहे: तो कपडे वाचवतो, स्नायू बळकट करत नाही. म्हणून त्याला उपचार न समजता उपचार चालू असतानाची सोय समजावी.

घरच्या घरी केलेले स्नायूंचे व्यायाम, की तज्ज्ञाच्या देखरेखीखाली?

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेले हे व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. त्यांचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. प्रश्न ते करावेत की नाही हा नसून कसे शिकावेत हा आहे, आणि या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो.

घरी करण्याचे फायदे सांगायला नकोत: पैसा लागत नाही, बाळाला दूध पाजतानाही करता येतात, कुणाला कळतही नाही. परंतु 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात केवळ तोंडी सूचना दिल्यावर सुमारे निम्म्याच स्त्रियांना योग्य आकुंचन जमले, तर सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांचा प्रयत्न गळतीला उलट हातभार लावेल अशा प्रकारचा होता. स्नायू वर ओढून घेण्याऐवजी खाली जोर देणे ही ती नेहमीची चूक. अशा रीतीने महिनोन्‌महिने व्यायाम करूनही गुण न आल्यावर ‘माझ्यावर याचा उपयोग होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

योग्य आकुंचन कसे असते, हे थोडे बारकाईने पाहू. उताणे झोपून गुडघे वाकवावेत. वायू सुटू नये आणि त्याच वेळी लघवीही थांबावी, अशा बेताने गुद, योनी आणि मूत्रमार्ग यांच्याभोवतीचा भाग आत आणि वर ओढून घ्यावा. मांड्या, नितंब आणि वरचे पोट सैल राहिले पाहिजे आणि श्वास चालू राहिला पाहिजे. हाताचा तळवा ओटीपोटावर ठेवल्यास ते बाहेर फुगत नाही ना, हे कळते. फुगत असेल तर जोर खाली जात आहे. आकुंचन काही सेकंद धरून मग स्नायू पूर्णपणे सैल सोडावेत. ही सैल सोडण्याची पायरी गाळली जाते, वास्तविक तीही तितकीच महत्त्वाची आहे. सरावासाठी रोज लघवी मध्येच अडवण्याची सवय मात्र लावू नये, कारण त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची शक्यता असते.

योगाभ्यासातील मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा ज्यांना येते, त्यांना या हालचालीची ओळख लवकर पटते. तथापि अश्विनी मुद्रेत भर गुदाच्या स्नायूंवर असतो, तेव्हा मूत्रमार्गाच्या बाजूचे आकुंचनही जाणीवपूर्वक शिकावे लागते.

देखरेखीखालील पर्यायात ओटीपोटाच्या विकारांचे प्रशिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट तुमच्या संमतीने आतून तपासणी करून स्नायूंची ताकद आणि टिकण्याची क्षमता पाहते आणि त्यानुसार आकुंचनांची संख्या ठरवते. ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताणजन्य गळतीत किमान तीन महिने, देखरेखीखाली आणि दिवसातून तीन वेळा प्रत्येकी किमान आठ आकुंचने असा क्रम प्रथम सुचवला जातो. या तपासणीचा आणखी एक मोठा लाभ आहे. काही स्त्रियांचे हे स्नायू दुबळे नसून सतत आखडलेले असतात, टाक्यांच्या जागी किंवा शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होतात. अशा वेळी केगेलची संख्या वाढवल्यास त्रास वाढू शकतो आणि आधी स्नायू सैल करायला शिकावे लागते. घरी एकटीने हे ओळखणे कठीण आहे.

तोट्याची बाजू म्हणजे खर्च, तान्ह्या बाळाला सोडून जाण्याची अडचण आणि अशी प्रशिक्षित व्यक्ती जवळपास नसणे. मुंबई-पुण्यात शोध घेतल्यास ती सापडते, लहान गावात बहुधा नाही. तिथे मी असे सुचवीन, की प्रसूतीनंतरच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळी ‘माझे आकुंचन बरोबर होते का, हे तपासून सांगा’ असे स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारावे. एकदा खात्री झाली की पुढचा सराव घरी करता येतो.

शिकलेले आकुंचन व्यायामात वापरणे ही वेगळी पायरी आहे. उडी मारण्याच्या किंवा वजन उचलण्याच्या क्षणभर आधी स्नायू वर ओढून घ्यायचे आणि जोर लावताना श्वास सोडायचा, ही सवय लागली की काही जणींना फरक लवकर जाणवतो.

पेसरी

योनीत बसवायची सिलिकॉनची कडी, जिच्या एका बाजूला मूत्रमार्गाला आधार देणारा उंचवटा असतो, ती गळतीवरची पेसरी. डॉक्टर माप घेऊन ती निवडतात. बऱ्याच जणींना ती स्वतः घालता-काढता येते, त्यामुळे केवळ धावण्याच्या किंवा खेळण्याच्या वेळेपुरती वापरता येते. पॅडच्या तुलनेत तिचा गुण हा, की ती निसटलेली लघवी शोषत नाही, निसटणेच कमी करते. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्या गटाचा परिणाम काही बाबतींत पेसरीपेक्षा सरस होता, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ठळक फरक उरला नव्हता. माप चुकले तर टोचणे, स्राव वाढणे किंवा लघवी अडणे असे त्रास होतात. स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्याने योनीत कोरडेपणा असतो आणि त्यामुळे काही जणींना ती सहन होत नाही. आपल्याकडे पेसरीचा संबंध बहुधा वयस्क स्त्रियांच्या अंग बाहेर येण्याशी जोडला जातो, त्यामुळे तरुण मातेला ती सहसा सुचवली जात नाही, तिलाच विचारावे लागते.

व्यायामाचा प्रकार बदलणे

हा पर्याय इतरांसोबत घ्यायचा आहे. चालणे, स्थिर सायकल, जखमा भरल्यावर पोहणे आणि आधाराने केलेले ताकदीचे व्यायाम यांत तळस्नायूंवर आदळणारा भार उड्या आणि धावण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शनात प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावू नये आणि त्यानंतरही तीस मिनिटे चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग करणे अशा गोष्टी गळती, वेदना किंवा जडपणाशिवाय जमत असतील तरच सुरुवात करावी, असे सुचवले आहे. सव्वा महिना उलटला म्हणजे सर्व व्यायामांना मोकळीक मिळाली, ही समजूत त्यामुळे सोडायला हवी. पोटावर घट्ट पट्टा बांधून उड्या मारणे तर टाळावेच, कारण त्याने पोटातील दाब खालच्या बाजूला ढकलला जाण्याची शक्यता असते. गळतीच्या भीतीने पाणी कमी पिणेही चुकीचे आहे. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशय चिडते आणि बद्धकोष्ठ होऊन कुंथण्याचा नवा ताण पडतो.

यंत्रे, लेसर आणि शस्त्रक्रिया

विद्युत उत्तेजनाची यंत्रे स्नायू मुळीच आकुंचित करता न येणाऱ्या स्त्रीला उपयोगी पडू शकतात, सर्वांना सरसकट नव्हेत. लेसरने गळती थांबवण्याच्या जाहिरातींबाबत मी सावध राहण्यास सांगेन. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योनीवरील अशा ऊर्जा-उपकरणांच्या दाव्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता आणि त्या दाव्यांत मूत्रगळतीचाही समावेश होता.

मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया अनेकींना गुण देते, पण जाळीमुळे होणाऱ्या गुंतागुंतींच्या तक्रारींनंतर ब्रिटनमध्ये जुलै 2018 पासून तिचा वापर थांबवण्यात आला. स्वतःच्याच शरीरातील पेशीजालाची पट्टी वापरणे हाही पर्याय असतो. पुढील गर्भारपण आणि प्रसूती यांनी परिणाम बिघडू शकतो, म्हणून आणखी मूल हवे असल्यास शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलली जाते. प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत हा निर्णय घेण्याची घाई करू नये, कारण त्या काळात शरीर आपोआपही सावरत असते.

प्रसूतीला दोन महिने झालेल्या आणि अधूनमधून दोन थेंब निसटणाऱ्या स्त्रीने तपासून घेतलेले घरगुती व्यायाम, चालणे आणि लहान पॅड यांवर तीन महिने द्यावेत. सहा महिन्यांनंतरही प्रत्येक वर्गात पॅड ओला होत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचा खर्च मला योग्य वाटतो. स्पर्धेसाठी धावणाऱ्या किंवा खेळाडू स्त्रीने त्याच्या जोडीला पेसरीचा विचार करावा. वर्ष उलटूनही नियमित, तपासलेल्या व्यायामाने फरक पडला नसेल आणि कुटुंब पूर्ण झाले असेल, तेव्हा शस्त्रक्रियेविषयी बोलावे. तज्ज्ञांकडे जाताना तीन दिवसांची साधी नोंद सोबत न्यावी: किती पाणी प्यायले, किती वेळा लघवीला गेले, नेमक्या कोणत्या हालचालीला निसटली आणि पॅड किती ओला झाला. प्रसूती कशी झाली, बाळाचे वजन किती होते, टाके पडले होते का, हेही सांगावे.