बर्फाखालचा ज्वालामुखी: एका प्रयोगसंचाविषयी

म्हापशाच्या बाजारातील एका शालेय साहित्याच्या दुकानातून मी हा संच साडेआठशे रुपयांना घेतला. पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली दडलेले ज्वालामुखी मुलांना समजावेत, हा त्याचा हेतू. खोक्यात प्लास्टरचा डोंगराळ तळ, त्यात बसणारा पत्र्याचा शंकू, शंकूखाली लावायची मेणबत्ती, बर्फ म्हणून वर ठेवायची मेणाची लादी आणि एक पुस्तिका मिळते.

तळ अप्रतिम आहे. लादीला पाडलेल्या बारीक भोकांतून सळई खाली सोडायची, ती किती खोल गेली हे आलेखावर मांडायचे आणि न दिसणाऱ्या डोंगरांचे आकार ओळखायचे. आठवीतल्या भाचीने पाऊण तास खपून तीन शंकू शोधले. खऱ्या मोहिमांत सळईच्या जागी रडार असते. विमानातून सोडलेल्या लहरी बर्फ भेदून खडकावरून परततात आणि लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. अशा मोजण्यांच्या आधारे २०१७ साली एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी १३८ ज्वालामुखी दाखवून दिले, त्यांपैकी ९१ नव्याने ओळखलेले होते. पुस्तिकेत मात्र ‘एकूण ९१’ असे छापले आहे. वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र असताना आणि १९८१ ची पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघालेली असताना, पुस्तिकेच्या नकाशात मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकावरील आपली संशोधन केंद्रे नसावीत, हेही खटकले.

खरी तक्रार मेणाची. मेण वितळताना फुगते, बर्फाचे पाणी होताना मात्र आकारमान घटते; म्हणूनच खालून तापलेल्या हिमनदीचा पृष्ठभाग वाटीसारखा खचतो. शिवाय मेणातून पूर कसा येणार? आइसलँडमध्ये ३० सप्टेंबर १९९६ रोजी वात्नायोकुल हिमाच्छादनाखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात पाच आठवडे साठत राहिले आणि ५ नोव्हेंबरला बर्फाखालून सुटलेल्या लोंढ्याने पूल वाहून नेले.

म्हणून आम्ही मासळी बाजारातून बर्फाची लादी आणली (तिला बांगड्यांचा वास होता, तो सोसला) आणि गोव्याच्या उकाड्याने ती वरून वितळू नये म्हणून गोणपाट पांघरले. एवढ्याशा तुकड्यात पृष्ठभाग खचताना दिसत नाही. पाव तास काहीच घडले नाही. भाची गोणपाट उचलून बघे, तर वर बर्फ जसाच्या तसा. मग उताराच्या बाजूने, लादीच्या अगदी बुडातून, पाण्याची धार सुटली आणि तिची वही भिजली.

तळ आणि सळई यांसाठी साडेआठशे मोजायला हरकत नाही. मेण खोक्यातच राहू द्यावे आणि बर्फ सकाळी लवकर आणावा, कारण उशीर झाला तर नुसता चुराच हाती लागतो.